दांडीचं वजन केल्याशिवाय जॅक घेऊ नका

प्रश्न : मी रेणापूर तालुक्यातला निवृत्त शिक्षक, वय ६३. दोन वर्षांपूर्वी बोलेरोमागं ओढायचा, आत राहता येईल असा ट्रेलर एका फॅब्रिकेटरकडून बनवून घेतला. एकच आस, तेरा फुटी पेटी. आत पलंग, छोटा ओटा आणि शंभर लिटरची पाण्याची टाकी. आम्ही दोघं नवरा-बायको त्यातून पैठण, वेरूळ, औंढा नागनाथ असं फिरतो. सामानासकट वजन १,४०० किलो भरतं. गेल्या आषाढात परळीजवळ एका शेताच्या कडेला मुक्काम केला, तेव्हा पुढचा जॅक रात्रीतून जमिनीत रुतला आणि सकाळी वाकलेला दिसला. आता नवा घ्यायचा आहे. दुकानदार म्हणतो, ट्रेलर १,४०० किलोचा, तर जॅक १,५०० चाच पाहिजे. मुलगा ऑनलाइन ३,५०० चा इलेक्ट्रिक जॅक दाखवतो. शेजारी म्हणतो, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा जुना स्क्रू जॅक वेल्डिंग करून टाका. माझा उजवा खांदा वर्षभरापासून आखडलेला आहे. कोणता घेऊ? ट्रेलरचा फोटो सोबत पाठवत आहे.

उत्तर : गुरुजी, नमस्कार.

तिघांनी तुम्हाला तीन सल्ले दिले, पण ट्रेलर गाडीला जोडणाऱ्या पुढच्या दांडीवर वजन किती येतं हे एकानंही विचारलेलं दिसत नाही. जॅकचा सगळा हिशेब तिथूनच सुरू होतो. ट्रेलरचं बहुतेक वजन आस आणि चाकं पेलतात. जॅक उचलतो ते फक्त पुढच्या दांडीवर उतरलेलं वजन. म्हणून १,४०० किलोच्या ट्रेलरला १,५०० किलोचा जॅक हा दुकानदाराचा हिशेबच मुळात चुकीच्या जागेवरून सुरू झाला आहे.

तुम्ही खेड्यातले आहात, म्हणून बैलगाडीचंच उदाहरण घेतो. आमचे वडील कडब्याची गाडी भरून झाली की बैल जुंपायच्या आधी जुवाखाली तळहात घालायचे आणि ते जरासं उचलून बघायचे. हाताला हलकं लागलं तर म्हणायचे, "गाडी उलार झाली, दहा पेंढ्या पुढं घ्या." जड लागलं तर मागं सरकवायचे. गाडीवर एकूण कडबा किती, याचा त्या तळहाताशी काही संबंध नव्हता. तोच कडबा आसाच्या पुढं किती आणि मागं किती, हे त्या हाताला कळायचं. तुमच्या ट्रेलरच्या दांडीखाली बैलांच्या मानेऐवजी बोलेरोच्या मागच्या हुकाचा बॉल आहे आणि गाडी सोडली की त्या जागी जॅक येतो. बाकी सगळं तेच.

एका आसाच्या अशा ट्रेलरला दांडीवरचं वजन एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावं, हा पुष्कळ ठिकाणी पाळला जाणारा ठोकताळा आहे. तुमच्या १,४०० किलोला ते १४० ते २१० किलो होतं. त्याहून फार कमी असलं की ट्रेलर उलार होतो आणि वेग वाढला की शेपटासारखा डुलायला लागतो. एकदा डुलायला लागलेला ट्रेलर ओढणाऱ्या गाडीलाही सोबत ओढत नेतो, म्हणून याला कधीही किरकोळ समजू नका. वजन फार जास्त असलं तर बोलेरोची मागची बाजू बसते, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टेअरिंगला आणि ब्रेकला हवी तशी पकड राहत नाही.

पण ठोकताळ्यावर जॅक घेऊ नका. तुमचा फोटो मी नीट पाहिला. इन्व्हर्टरची मोठी बॅटरी आणि गॅसचा सिलिंडर, दोन्ही फॅब्रिकेटरनं दांडीवरच्या पेटीत ठेवलेत. पाण्याची टाकी पुढच्या पलंगाखाली आहे, म्हणजे तीही आसाच्या पुढंच. स्टेपनीसुद्धा पुढच्याच भिंतीला टांगलेली दिसते. त्यामुळं तुमची दांडी २१० च्या वर गेली असण्याची मला दाट शंका आहे.

हे कसं ते बघा. आसापासून कपलरपर्यंत, म्हणजे दांडीच्या टोकाच्या बॉलवर बसणाऱ्या भागापर्यंत, अंतर ३.६ मीटर धरू. फोटोवरून साधारण तेवढंच वाटतं, तुम्ही टेपनं मोजून घ्या. बॅटरी ५० किलोची आणि भरलेला सिलिंडर ३० किलोचा, मिळून ८० किलो, आसापासून ३ मीटर पुढं. दांडीवर त्यातलं ८० गुणिले ३ भागिले ३.६, म्हणजे जवळजवळ ६७ किलो येतं. पाण्याची टाकी १०० किलोची आहे खरी, पण ती आसाच्या १.२ मीटरच पुढं आहे, म्हणून तिचं दांडीवर येणारं वजन ३३ किलोच. म्हणजे दांडीवरच्या पेटीतलं ८० किलो पलंगाखालच्या १०० किलोच्या दुप्पट भार टाकतं. तरफेचा हा धडा तुम्ही वर्गात किती वेळा शिकवला असेल! आणखी एक. जॅक कपलरच्या थोडा मागं बसतो, तुमच्याकडं अंदाजे ३० सेंटिमीटर. तेच वजन जॅकला आसाच्या जवळून उचलावं लागतं, म्हणून त्याच्यावर कपलरपेक्षा साधारण ९ टक्के जास्त भार येतो.

आता प्रत्यक्ष वजन. त्यासाठी कुठं लांब जायला नको. लातूरच्या मोंढ्यात ज्या प्लॅटफॉर्म काट्यावर सोयाबीन आणि तुरीचे कट्टे तोलतात, तसा ३०० किलोपर्यंतचा काटा कुण्या ओळखीच्या आडतदाराकडून तासाभरासाठी मागून घ्या. काटा सपाट, पक्क्या फरशीवर ठेवा. ट्रेलर बोलेरोला जोडलेला असतानाच दोन्ही चाकांना पुढून आणि मागून उटी लावा. जुन्या जॅकचं ब्रॅकेट जिथं आहे तिथंच दांडीखाली काटा सरकवा, त्यावर एक जाड लाकडी तुकडा आणि त्यावर हायड्रॉलिक बॉटल जॅक ठेवा, आणि मग काट्याचा आकडा शून्यावर घ्या. आता कपलरची कडी उघडून दांडी सावकाश उचला. बॉलवरून सुटल्यावर ट्रेलर पुढं-मागं सपाट झाला की थांबा. काट्यावर जो आकडा दिसेल तोच तुमच्या नव्या जॅकवर येणारा भार. दांडीखाली हात-पाय कुणीही घालायचे नाहीत, ताईंना काट्याचा आकडा लांबूनच वाचू द्या.

हे वजन तीनदा करा : टाकी रिकामी असताना, टाकी भरून, आणि तिसऱ्यांदा खरोखर प्रवासाला निघताना भरता तसा ट्रेलर भरून, गादी-भांडी-किराण्यासकट. रिकाम्या ट्रेलरचं वजन करून समाधान मानणारे पुष्कळ बघितलेत, आणि त्यांचा जॅक नेमका यात्रेच्या मुक्कामी दगा देतो. आकडा ३०० च्या वर जातोय असं दिसलं तर काट्यावर जोर देऊ नका, थेट जिनिंगच्या किंवा साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर जा. तिथं आधी बोलेरो काट्याबाहेर आणि जोडलेल्या ट्रेलरची चाकं काट्यावर असं वजन घ्यायचं, मग गाडी सोडून ट्रेलर दांडीसकट काट्यावर टेकवून दुसरं घ्यायचं. दोन्हींतला फरक म्हणजे दांडीचं वजन. पण ते काटे मोठ्या ट्रकांसाठी असतात, दहा-वीस किलोंचा फरक त्यांना दिसतच नाही, म्हणून पहिली पसंती आडतीच्या काट्यालाच.

समजा भरलेल्या ट्रेलरचा आकडा २६० आला. मी त्याची दुप्पट करतो, म्हणजे ५२०, आणि त्याच्या वर जो पुढचा साइज बाजारात असेल तो घेतो. दुप्पट कशासाठी, हे सांगताना मला एक जुनी गोष्ट सांगावी लागेल. सांगायला बरं वाटत नाही, पण सांगतो.

२०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, ते दिवस तुम्हाला आठवत असतील. तेव्हा माझ्या वर्कशॉपात रात्रंदिवस पाण्याच्या ट्रॉली-टँकरचंच काम चालू होतं. चार हजार लिटरचा, एका आसाचा एक टँकर मी बनवला. भरलेल्या टँकरच्या दांडीचं वजन मनात धरून, त्याला जेमतेम पुरेल असा जॅक लावला. दुसऱ्याच आठवड्यात तो टँकर अर्धा भरलेला असताना अंगणात आला. अंगणाला थोडा उतार होता, टँकरचं तोंड उताराकडं. ड्रायव्हरनं जॅक टेकवला, पिन काढली आणि ट्रॅक्टर पुढं घेतला. पुढचा भाग वीतभर खाली बसला, तशी आतलं पाणी पुढं धावलं. आत आडवा पडदा मी एकच टाकला होता. जॅकची नळी माझ्या डोळ्यांसमोर काडीसारखी दुमडली आणि दांडी खाली आली. शेजारी उभ्या असलेल्या पोराच्या पावलाचं हाड मोडलं. पूर्ण भरलेल्या टँकरचं पाणी इतकं धावत नाही, अर्ध्याचं धावतं, हे मला ठाऊक असायला हवं होतं. तो मुलगा आज स्वतःचं दुकान चालवतो, पण त्या दिवसापासून अगदी बेताचा जॅक मी कुणालाही दिला नाही.

तुमची टाकी शंभर लिटरची, तिचं पाणी एवढा गोंधळ करणार नाही. पण इतर कारणं तुम्हालाही लागू आहेत. धुळीनं आतलं ग्रीस सुकतं आणि तोच भार उचलायला स्क्रूला जास्त जोर लागतो. कधी तरी कपलरची कडी उघडायची राहून जाते आणि आपण हँडल फिरवतच राहतो. मग जॅक दांडीबरोबर बोलेरोची मागची बाजूही उचलायला लागतो. आणि एक काम तर मुद्दाम करायचंच असतं : गाडी जोडून झाली की कपलर बॉलवर नीट बसून लॉक झाला का, हे बघायला जॅकनं दांडी थोडी वर घ्यायची. कपलर न सुटता गाडीचा मागचा भाग वर आला तर लॉक पक्कं. हे दर प्रवासाला करा. यात जॅकवर रोजच्यापेक्षा जास्त भार येतो, म्हणून त्याच्यात तेवढी ताकद शिल्लक हवी.

आता मुलाच्या ३,५०० विषयी. तो आकडा किलोचा नाही, पौंडाचा आहे. हे जॅक बहुतेक अमेरिकेच्या मापानं येतात आणि तिथं १,०००, २,०००, ३,५००, ५,००० पौंड असे साइज चालतात. आपल्या हिशेबानं १,००० पौंड म्हणजे ४५४ किलो, २,००० म्हणजे ९०७, ३,५०० म्हणजे १,५८८ आणि ५,००० म्हणजे २,२६८ किलो. तुमची गरज ५२० किलोची धरली तर ४५४ चा कमी पडतो आणि ९०७ चा भरपूर होतो. आकड्याखालची बारीक अक्षरंही वाचा. काही जॅकवर उचलण्याची क्षमता आणि नुसतं पेलून धरण्याची क्षमता वेगवेगळी दिलेली असते, आणि मोठा आकडाच ठळक छापतात. तुम्हाला उचलण्याचा आकडा हवा.

दांडीचं वजन स्प्रिंगच्या दांड्यांनी गाडीच्या पुढच्या चाकांपर्यंत पसरवणारी जोडणी बाहेरच्या देशांत मोठ्या ट्रेलरना असते. त्या दांड्या चढवताना जॅकला गाडीचा मागचा भागही उचलावा लागतो, म्हणून तिथले लोक मोठे जॅक घेतात. तुमच्याकडं साधा बॉल आहे, तो प्रश्न नाही.

दुकानदाराचा १,५०० किलोचा जॅक घेतला तर काही मोडणार नाही. पण तो अंगानं जड असतो, ते वजनही दांडीवरच पडतं, आणि मुख्य म्हणजे तुमची परळीची अडचण त्यानं सुटत नाही. तुमचा जुना जॅक भार पेलला नाही म्हणून गेला, असं मला वाटत नाही. तो आधी रुतला आणि रुतल्यामुळं वाकला.

आपली काळी माती उन्हाळ्यात दगडासारखी असते, भेगा पडतात, तिच्यावर ट्रॅक्टर नेला तरी फरक पडत नाही. पहिला चांगला पाऊस झाला की तीच माती फुगते, आणि मग बूट घालून चाललात तर बुटाला किलोभर चिकटून येते. तुम्ही आषाढात तिच्यावर मुक्काम केलात. फोटोत वाकलेल्या जॅकचा पाय दिसतोय, तळहाताएवढा, दहा सेंटिमीटर बाय दहा. म्हणजे १०० चौरस सेंटिमीटरवर २६० किलो, दर चौरस सेंटिमीटरला २.६ किलो. ओली काळी माती एवढा दाब कशी झेलणार! पाय एका कडेनं आधी खचला, नळी तिरपी झाली. जॅकची नळी सरळ उभी असताना वरून येणारा भार तिच्या उंचीतून खाली उतरतो आणि ती तो सहज पेलते. तिरपी झाली की तोच भार तिला आडवा वाकवायला लागतो. त्यात नळी पूर्ण लांबवलेली असेल तर विचारूच नका. अशा वेळी ९०० चा काय आणि १,५०० चा काय, दोन्ही वाकतात.

म्हणून जॅकच्या आधी दोन फळ्या करून घ्या. बाभळीच्या, दोन इंच जाड, ३० सेंटिमीटर रुंद आणि ४५ लांब. अशा एका फळीवर तोच भार १,३५० चौरस सेंटिमीटरवर पसरतो आणि दर चौरस सेंटिमीटरला २०० ग्रॅमच्याही आत येतो. ओल्या रानात दोन्ही फळ्या एकीवर एक आडव्या-उभ्या ठेवा. फळीवर जॅकच्या पायाभोवती चार बारीक पट्ट्या ठोकून घ्या, म्हणजे पाय घसरणार नाही. जॅकच्या तळाला छोटं चाक असलेला प्रकार दुकानात दिसेल, दिसायलाही छान असतो. अंगणातल्या फरशीसाठी तो ठीक आहे. आपल्या रानात मात्र ते चाक सगळ्यात आधी रुततं, म्हणून सपाट पायाचाच घ्या. आणि ट्रेलर मे महिन्यात शेतात जॅकवर उभा करून पावसाळ्यात परत बघाल तर तो तिरका झालेला असेलच. माती फुगताना सगळीकडं सारखी फुगत नाही.

लांबीही मोजा. बोलेरोच्या बॉलचा माथा जमिनीपासून किती उंच, ते टेपनं बघा. कपलर त्याच्या वर अजून आठ-दहा सेंटिमीटर गेला पाहिजे, तरच गाडी खाली सरकवता येते. तेवढी उंची जॅकनं पूर्ण न लांबता गाठली पाहिजे. साधारण ३८ आणि ४६ सेंटिमीटर चालणारे जॅक मिळतात. मी ४६ वाला घेईन आणि खाली फळ्या टाकून तो अर्ध्यातच वापरीन, कारण नळी जितकी बाहेर तितकी ती अशक्त. प्रवासात मात्र तो पूर्ण वर गेला पाहिजे. आपल्या गावाकडचे गतिरोधक तुम्हाला माहीत आहेत, ना रंग ना पाटी. खाली लोंबणारा पाय पहिल्याच गतिरोधकावर आपटतो. पिन काढली की खालचा पाय वर सरकवून पुन्हा पिन लावता येते, असा प्रकार असतो, तोच बघा.

शेजाऱ्यांचा सल्ला मनापासूनचा आहे, पण तो घेऊ नका. ट्रॉलीचा जुना स्क्रू जॅक ताकदीला कमी नसतो. अडचण वेल्डिंगची आहे. जॅकच्या बाहेरच्या नळीवर वेल्डिंग केलं की उष्णतेनं नळी आत चिमटते आणि आतली नळी अडकायला लागते. जस्ताचा मुलामा असेल तर त्याचा धूर वेल्डरच्या छातीत जातो, तो वेगळाच त्रास. आणि पुढं जॅक खराब झाला तर कापूनच काढावा लागेल. तुमच्या दांडीच्या त्रिकोणी तोंडावर एक जाड प्लेट बसवा, तिला ५७ मिलिमीटरच्या नळीसाठी भोक आणि तीन बोल्ट. बहुतेक जॅक याच मापाचे येतात, पण आधी जॅक हातात घ्या, मोजा आणि मगच भोक पाडा. बदलायची वेळ आली तर अर्ध्या तासात बदलून होईल.

आता खांदा. इलेक्ट्रिक जॅक हा नुसता भपका असतो, असं मी म्हणणार नाही. ज्याला हँडल फिरवणं खरंच जमत नाही त्याला तो मोठा आधार आहे. बॅटरी संपेल ही भीतीही नको. भार असताना तो ३० अँपिअरपर्यंत खेचतो, पण एका वेळी दोन मिनिटंच चालतो. दोन मिनिटांत एक अँपिअर-तास गेला, तुमच्या मोठ्या बॅटरीला ते काहीच नाही. जपायचं ते वायरिंगला : तांब्याची ६ चौरस मिलिमीटरची वायर आणि बॅटरीपाशीच ३० अँपिअरचा फ्यूज. बारीक वायर टाकली तर ती तापते, आणि शेजारी तुमचा गॅस सिलिंडर आहे. पण मोटर जळली किंवा आतला गिअर गेला तर सुटे भाग इथं मिळायचे नाहीत, आणि आपल्या मे महिन्यातल्या उन्हात आणि धुळीत अशा मोटरचं आयुष्य मला भरवशाचं वाटत नाही.

म्हणून आधी एक करून बघा. वरून फिरवायच्या हँडलचा, आत चांगला गिअर असलेला जॅक दुकानातच भाराखाली फिरवून बघा. अशा जॅकला अडीचशे किलो उचलायला हाताचा जोर फार थोडा लागतो, फक्त फेरे बरेच होतात. हँडल कमरेच्या उंचीला येत असेल तर खांदा वर उचलावाच लागत नाही, कोपर अंगाशी ठेवून फिरवता येतं. डाव्या हातानंही फिरवून बघा. ताईंनाही फिरवू द्या, कारण तुमचा खांदा ज्या दिवशी दुखेल त्या दिवशी ते काम त्यांच्याकडंच येणार. दहा-पंधरा फेऱ्यांत दुखायला लागलं तर मुलाचं ऐका, ३,५०० पौंडांचा इलेक्ट्रिक घ्या, फक्त वीज गेल्यावर हातानं फिरवायची सोय त्यात आहे ना, ते बघून. दुखलं नाही तर ९०० किलोचा हाताचा जॅक तुमच्यासाठी योग्य. घेताना आतली नळी पूर्ण बाहेर काढा, टोकाला धरून डावी-उजवी हलवा. खडखड वाजत असेल, बोटभर हलत असेल तर तो खाली ठेवा आणि दुसरा मागा. वर्षातून दोनदा, एकदा पावसाळ्याआधी आणि एकदा दिवाळीनंतर, वरचं झाकण काढून गिअरला आणि बेअरिंगला ग्रीस द्या.

चार कोपऱ्यांचे जे छोटे स्टँड आहेत ते ट्रेलर हलू नये म्हणून असतात, उचलण्यासाठी नाहीत. वळवाच्या वाऱ्यात पेटी हलते तेव्हा त्यांनी जॅकवरचा आडवा ताण कमी होतो, म्हणून मुक्कामाला ते टेकवायचेच, पण दांडी सपाट करून झाल्यावर. आणि जॅकवर उभ्या ट्रेलरखाली कधीही शिरू नका, काही पडलं म्हणून काढायलासुद्धा नाही. ट्रेलरचा टायर बदलायचा असेल तर ट्रेलर बोलेरोला जोडलेलाच ठेवा आणि आसापाशी वेगळा जॅक लावा.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी एक सांगतो. मोटार वाहन कायद्यात ट्रेलरही मोटार वाहनच धरलाय, त्याला स्वतःची नोंदणी लागते. फोटोत नंबर प्लेट दिसली नाही. फॅब्रिकेटरनं कागद दिले नसतील तर लातूरच्या आरटीओत आधी त्याची चौकशी करा, विम्याचा प्रश्नही त्याच्यावरच अडून आहे.

जॅकचे पैसे देण्याआधी काट्यावरचे तिन्ही आकडे मला कळवा, आणि बोलेरोच्या पुस्तकात किंवा हुकाच्या पट्टीवर दांडीचं जास्तीत जास्त वजन किती लिहिलंय, तेही. कपलरवरचं वजन, म्हणजे जॅकच्या जागी आलेल्या आकड्याहून साधारण ८ टक्के कमी, त्या मर्यादेच्या वर असेल किंवा एकूण वजनाच्या १५ टक्क्यांच्या पुढं गेलं असेल, तर मोठा जॅक घेऊन भागणार नाही. मग बॅटरी दांडीवरून काढून आत, आसाच्या जरा पुढं, फरशीशी पक्की बांधायची. एवढ्यानंच दांडीचे तीस-पस्तीस किलो उतरतील. ती एकदम मागच्या टोकाला मात्र नेऊ नका, नाही तर गाडी उलार होईल. बॅटरी हलवली की पुन्हा एकदा आडतीवर जाऊन वजन करायचं, आणि तो शेवटचा आकडा घेऊन दुकानात जायचं.